शिवणीतली माया

हर्णैच्या बंदरावर लिलाव उठला की
माझ्या मशीनसमोरून टोपल्या जातात,
सुरमई, हलवा, म्हाकूल,
मागे रस्त्यावर पाण्याची रेघ.
अशा गावात कुणी उपाशी आहे
असं मी म्हटलं तर हसतील.

माझी एक वही आहे.
जूनमध्ये गणवेशाची मापं घेते तिच्यात:
नाव, इयत्ता, छाती, कंबर, उंची.
पोरांची मापं वाढतात
हा माझा तेवीस वर्षांचा समज.
म्हणून तर शिवणीत माया सोडायची,
दोन बोटं जास्तीचं कापड
आत दुमडून ठेवायचं.
शिमग्यापर्यंत पोर रुंदावतं,
उसवायचं, इस्त्री फिरवायची, झालं.

गणपती गेले आणि
हर्षाली चोगले आली, नववी ब.
"काकी, सैल होतोय."
घेतला आत.
दसऱ्याला पुन्हा.
"आजारी होतीस काय गो?"
"नाय," म्हणाली, आणि हसली
बक्षीस घ्यायला उठल्यासारखी.

त्या रात्री वही मागे चाळली.
रुमाना सोलकर, दहावी. आत, आत.
मागच्या वर्षीची ती पाजपंढरीची, आता कॉलेजात.
आणि विघ्नेश तांडेल!
जाळं ओढणाऱ्या घरातला मुलगा,
त्याची पँट मी तीनदा आत घेतली
आणि तीनदा वाटलं, उंच होतोय, होतं असं.

मृण्मयीचं माप तर सुताभरही हललं नाही.
पण जेवून उठली की
न्हाणीघराची कडी किती वेळ लागलेली असते
ते तिची आई मला सांगत होती,
हलक्या आवाजात, ब्लाउजची बटणं निवडत.
म्हणजे टेपाला सगळं कळत नाही.

आया म्हणतात, उपास करते.
आया म्हणतात, परीक्षा आहे.
मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकतात
आणि वास आला नाही की म्हणतात, बघा, दृष्टच.
एक म्हणाली, असू दे, बारीक बरी दिसते.

दापोलीच्या डॉक्टरीणबाई शाळेत आल्या
तेव्हा मी पदर खोचून विचारलंच.
म्हणाल्या, वर्गावर्गात असतात.
मुलगेही. जाड दिसणारी, बारीक दिसणारी.
घरात एका ताटात जेवणाऱ्यांनाही पत्ता नसतो.
मग आजाराचं नाव सांगितलं, लांबलचक.
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

आता हे लिहायचं राहिलंय.
हर्षाली सातवीत होती.
दुकानात सहासात जणी.
टेप तिच्या कंबरेभोवती, आणि मी मोठ्याने आकडा वाचून
म्हटलं होतं,
"तुझ्या बापाला कापड जास्त आणायला सांग गो!"
सगळ्या हसल्या.
हर्षालीही हसली.
तेव्हा मला तेवढंच दिसलं.

मी एकटीच बोलले असेन असं नाही.
पण मी बोलले होते.

तिसऱ्यांदा आली ती दिवाळीनंतर.
म्हणाली, "आतलं जास्तीचं कापूनच टाका, काकी.
टोचतं.
आता लागणार नाय."

मी कातरी घेतली.
खाली पडलेल्या चिंधीवर चालवली, करकर,
तिला ऐकू जाईल इतकी.
शिवण फक्त पुढे सरकवली.
गिऱ्हाइकाशी खोटं बोलले, पहिल्यांदा नाही,
पण पैसे न घेता पहिल्यांदाच.

संध्याकाळी सुकती लागली होती,
होड्या चिखलात कलंडलेल्या.
तिच्या आईकडे गेले. ती बोंबील वलांडीवर टाकत होती.
कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं.
आधी माझं सांगितलं, सातवीतलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग हात धुतले तिने, दोनदा,
आणि विचारलं, दापोलीची गाडी किती वाजता?

आता टेप धरते तेव्हा
आकडा तोंडातल्या तोंडात ठेवते.
दुकानात आरसा होता, तो आतल्या खोलीत नेला.
याने काय होतं, मला ठाऊक नाही.

बुधवारच्या एसटीत मायलेकी दिसतात.
खिडकीशी हर्षाली, अंगावर तोच गणवेश.
अजून उसवायला आलेली नाही.
कधी येईल, डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

आत, उलट्या बाजूला,
तिला माहीत नसलेलं
दोन बोटं कापड.