टॉवेलाची भिंत

कुदसिया बाजींनी भिंतीवर टर्किश टॉवेल ठोकलाय,
सहा फुटी, पांढरा, एका कडेला विणीचा दोष,
म्हणून स्वस्तात मिळालेला, कारखान्याच्या मागच्या दाराने.
त्यावर चिंधी नुसती टेकवली तरी धरून राहते.
टाचणी नको, दोरा नको.
"शिवायचं नंतर," बाजी म्हणतात,
"आधी बघायचं."

बघायचं म्हणजे काय ते मला बेचाळिसाव्या वर्षी कळतंय.
वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले,
खाकी, आकाशी, चौकड्याचे.
खिसा डावीकडे.
खिसा कुठे असावा, मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

माझा बाप जॅकार्डची कार्डं पंच करायचा.
आलेखाच्या कागदावर घर-घर भरत मोर काढायचा,
तोही अर्धाच.
"अर्धा आपण काढायचा, राजमणी,
उरलेला माग काढतो."
चादरीवर दोन मोर समोरासमोर, मध्ये झाड.
एकाने मान वळवली
की दुसऱ्याला वळवावीच लागायची.

माझ्या हातालाही तेच वळण.
इकडे एक लाल, म्हणून तिकडे एक लाल.
बाजी दारापर्यंत मागे गेल्या, तिथून म्हणाल्या,
"हे कुणाचं ऑफिस आहे गं?
दोन शिपाई उभे केलेस."
आणि येऊन उजवा लाल काढला,
माझ्या तळहातावर ठेवला.

भिंत कलंडली.
खरंच, मी टेबल धरलं.
"आता सावर," त्या म्हणाल्या. "लालशिवाय."

मोठा राखाडी लावला. नाही.
तीन बारीक पिवळे, खाली, जरा तिरके. जवळपास. नाही.
डोळे किलकिले करायचे,
म्हणजे रंग बुडतात, गडद आणि फिकं तेवढं तरंगतं.
(सोलापूरच्या उन्हात वाढलेल्यांना
हे वेगळं शिकवावं लागत नाही.)
आनंदीबाईंनी मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून दाखवला,
माझे अकरा रंग
एकाच भांड्यातली आमटी झाले होते.

राखाडी आणि निळ्याच्या मध्ये एक फट राहिली होती.
भरायला पांढरा उचलला, तर बाजी म्हणाल्या,
"तिथे काय आहे?"
काही नाही.
"नीट बघ."

आई विड्या वळायची.
तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कातरायची,
कामाचं पान सुपात, कातरण जमिनीवर.
त्या कातरणीत मला मासा सापडायचा,
चंद्रकोर, एकदा तर शेपूट तुटलेली घूस.
संध्याकाळी आई ते सगळं झाडून टाकायची.

फटीत मासा होता.
मी पांढरा तुकडा पिशवीत परत टाकला.

लाल अजून मुठीत होता.
घामाने त्याचा रंग सुटला होता, हाताला लागला होता.

तीन महिन्यांनी शिवून झाली, घरी नेली.
आमच्याकडे हिला बोंत म्हणतात, अंगावर घ्यायची वस्तू.
मी भिंतीला टांगली. बाप उठून आला.
आधी उलटी करून पाठ तपासली, विणकराची खोड.
मग पुढून बघत राहिला. बराच वेळ.
"दुसरा अर्धा कुठाय?"

मी काही बोलले नाही.
तो दोन पावलं मागे गेला,
मग आणखी एक,
आणि डोळे किलकिले केले.
मोतीबिंदूमुळे असेल.