चार अंश

तार्तूच्या प्रयोगशाळेत वाइके
रोपांचे ट्रे शीतकपाटात ठेवते.
चार अंश. सहा आठवडे.

‘फुलू नकोस’ म्हणणारं एक जनुक असतं त्यांच्यात.
थंडी ते खोडत नाही,
गुंडाळत जाते नुसती, रिळावर दोरा गुंडाळावा तसं,
वाचणाऱ्याचं बोट आत शिरू नये इतकं घट्ट.
आज या पेशीत, उद्या त्या.

मग उन्हात आणलं तरी ते गप्पच.
आणि फूल येतं,
पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.

सैबेरियाहून परतलेली आई
त्या वर्षांबद्दल बोलली नाही. शिवत राहिली.
मुलगी झाली, तिचं नावच ठेवलं शांतता:
वाइके.

बी धरताना मात्र रीळ उलगडतं.
प्रत्येक रोपाला आपला हिवाळा
पहिल्यापासून काढावा लागतो.

वाइके वहीत तारीख लिहिते,
दार लोटते,
गारठलेली बोटं काखेत धरून
उभी राहते थोडा वेळ.