बटन दाबल्याचा जबाब

लिहून घ्या साहेब.
मुंजाजी केरबा ढगे, मालगाडीचा लोको पायलट,
राहणार पूर्णा, रेल्वे कॉलनी,
पाण्याच्या टाकीमागची शेवटची चाळ.
परळीला कोळसा टाकून रिकामी रेक घेऊन परत यायलो होतो.
मिरखेल सोडलं तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं.
पुढं लाल सिग्नल गाडीनं ओलांडला. चाळीस मीटर.
मेलं कोणी नाही. एवढं आधी लिहा.

आता तुम्ही विचारायलात,
यंत्रानं सांगितलं होतं, तरी कामून?

सांगितलं होतं.
डब्बा वाजला. टीं.
पण तो डब्बा फाटक आलं तरी टीं,
वेग चारनं वाढला तरी टीं,
स्वतःचा रेडिओ हरवला तरी टीं,
मी जागा आहे का, हे बघायला दर मिनिटाला टीं,
आणि पुढं लाल आहे, थांब, मरशील,
हे सांगायलाही
टीं.

खाली एक हिरवं बटन.
त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘कळलं’ अशा अर्थाचं काहीतरी.
दाबलं की डब्बा गप.
मी दाबलं. त्याला वाटलं, गड्याला कळलं,
म्हणून त्यानं ब्रेक मारला नाही.
दाबलं म्हणजे कळलं का साहेब?
पोराच्या शाळेत मास्तर विचारतो, कळलं का?
अख्खा वर्ग म्हणतो, हो.

आणखी एक लिहा.
रात्री तो पडदा असा पेटतो
की समोरच्या काचेत मपलंच तोंड दिसतं,
सिग्नल राहतो तोंडाच्या मागं.
उजेड कमी करायचा तर बटन तेच, हिरवं,
तीन सेकंद धरायचं.
त्या रात्री मी उजेड कमी करायलो होतो
का लाल मान्य करायलो होतो,
देवाशप्पथ, माझं मलाच सांगता यायचं नाही.

माझा बाप पोखर्णीच्या फाटकावर गेटमन.
हातबत्तीच्या कडीला त्यानं कानशीनं खाच पाडली होती,
खाच लागली की लाल.
म्हणायचा, डोळा झोपतो, अंगठा झोपत नाही.
खरंय त्याचं.
चौदा वर्षांनी माझा अंगठाच तेवढा जागा राहिलाय.
सुट्टीला घरी झोपलो तरी मिनिटामिनिटाला उशी दाबतो.
बायकोनं वैतागून उशीला
शर्टाचं बटन शिवून दिलं.
म्हणे, घ्या, इथं दाबा.

माझी असिस्टंट रुखसाना पठाण, मानवतची.
इंजिनात दोन खटके शेजारी शेजारी, जुळे भाऊ,
एक वाळू सोडायचा, एक जिवावर बेतलं तर ओढायचा.
तिनं दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला,
अंधारात हाताला कळावं म्हणून.
तपासणीत ट्यूब ब्लेडनं कापली,
तिला मेमो मिळाला: यंत्राच्या मूळ रूपात बदल.
तो तुकडा तिच्या डब्याच्या पिशवीत अजून आहे. मागवून बघा.

ज्यानं हे केलं तो माणूस वाईट नसेल.
पंख्याखाली, टेबलावर ठेवून
त्यानं एकेक बटन एकेकदा दाबलं असेल.
सगळी चालली असतील.
टेबल हलत नव्हतं,
आणि त्याला कोणी सलग नऊ तास
जागा आहेस का, जागा आहेस का, विचारत नव्हतं.

तुमच्या कागदावर कारणाला दोनच चौकटी.
यंत्रात बिघाड. माणसाची चूक.
यंत्रात बिघाड नव्हता, हे मीही सांगतो.
मग उरली ती चौकट माझी,
करतो सही, पेन द्या.

तेवढ्यात तुमचा मोबाईल वाजला
टीं

आणि साहेब, तुम्ही बघितलंत,
मी नाही, तुम्ही बघितलंत,
माझ्या अंगठ्यानं तुमचं टेबल दाबलं.

हे लिहायला चौकट नाही.
समासात लिहा.