खाडा

लिएपायात आमचं शिडं शिवायचं छोटं वर्कशॉप,
बंदराच्या कालव्याकडे पाठ करून उभं.
हजेरीपुस्तक माझ्याकडे, किल्लीही माझ्याकडे,
आणि खरं सांगायचं तर
मीसुद्धा कधीकधी आठ-पाचला पोचते.

वेल्टा तोवर समोरच्या ट्रामथांब्यावर असते,
सात चाळीसपासून.
वय अडुसष्ट. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
जणू आतून कुणी नाव पुकारणार आहे.
म्हटलं, तुला एक किल्ली करून देते.
नको म्हणाली. वेळेआधी आत शिरणं
हेही वेळ न पाळणंच.

केइता उगवते नऊ सतराला.
सायकल भिंतीला, हातात अर्धा खाल्लेला बन,
"लाबरीत!" म्हणते सगळ्यांना, शिलाई मशीनलासुद्धा.
आणि रात्री दहाला मी कुत्र्याला फिरवते तेव्हा
खिडकीत दिवा असतो.
पांढऱ्या शिडावर एकटी रांगत असते पोरगी.
सकाळी बघावी शिवण, नख शिरायला जागा नाही.
हे तास कुठल्या रकान्यात लिहू?
मालक म्हणतो, ते नको लिहूस.
खाडा मात्र धर.

वेल्टाच्या घरात वेळ पाळलेली नव्हती,
पिसाळलेली होती.
एकोणपन्नास साल. आई एकोणीस वर्षांची, कापडगिरणीत.
बर्फात बुटाचा तळ निघाला, बावीस मिनिटं उशीर.
विसाच्या पुढे गुन्हा होता तेव्हा.
सहा महिने पगारातला चौथा हिस्सा गेला,
पण आईला आयुष्यभर आठवला तो
न्यायाधीशाचा साधा प्रश्न:
बूट रात्रीच का नाही बघून ठेवला?

वेल्टा अजून झोपण्याआधी बूट उलटे करून बघते.
हे तिनं मला सांगितलं बटणांचा डबा लावता लावता,
दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

नोव्हेंबरात एका सकाळी तारांमधली वीज गेली,
ट्राम पुलावर अडकली.
वेल्टा आली आठ अकराला.
कुणीच काही बोललं नाही. ती कोट न काढता बसली
आणि पानभर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं,
रशियनमध्ये. समास सोडून. खाली सही.

नऊ सतराला केइतानं कागद उचलला.
ती अक्षरं तिला येत नाहीत.
मला येतात, अजून.
"काय आहे?"
"अकरा मिनिटं."
"एवढी मोठी?"
हसली. मग तिचं लक्ष वेल्टाच्या हाताकडे गेलं,
सुईच्या नेढ्याभोवती दोरा नुसता फिरत होता.
हसू तिथंच राहिलं, बनाच्या घासासारखं, गालात.

जरा वेळानं तिनं हळूच विचारलं,
"हा कागद द्यायचा असतो कुणाला?"

वेल्टानं माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली
माझी खुर्ची. इतरांच्यापेक्षा बोटभर उंच.

दुसऱ्या दिवशी केइता आली नऊ एकोणीसला,
दोन मिनिटं आणखी उशिरा.
वेल्टा थांब्यावर होतीच.
कागद मी पुस्तकात त्या तारखेला ठेवलाय,
घडी न घालता.
तिच्या नावापुढचा रकाना
आज पाचवा दिवस, कोराच आहे.
मालक येतो शुक्रवारी. कधी येईल, नेम नसतो.