अन्यथा

आठच्या आधी फोन करायचा नाही असा नियम आहे म्हणे.
आठ वाजून एक मिनिटाने करतात.
नंबर अनोळखी. उचलावा तर ते,
न उचलावा तर कदाचित घाटकोपरची ती कंपनी
जिने तीन आठवड्यांपूर्वी "कळवतो" म्हटलं होतं.
म्हणून उचलते. दर वेळी.
हॅलो म्हणताना आवाज मुलाखतीचा ठेवते.

"हेमांगी मॅडम बोलतायत ना?"
बोलतेय.
"हप्ता कधी टाकताय?"
आणि मुलाखतीचा आवाज
घसा खाकरून आत निघून जातो.

तेरा वर्षं मी हेच काम केलं.
कांजूरला, टाइल्सच्या कंपनीत, वसुलीच्या टेबलावर.
तीन पत्रांचे तीन नमुने.
पहिल्यात आपणांस सविनय.
दुसऱ्यात आमच्या दि. अमुकच्या पत्राकडे लक्ष वेधतो.
तिसऱ्यात, शेवटच्या परिच्छेदाच्या तोंडाशी,
अन्यथा.
शब्द आवडायचा मला, खरं सांगते.
टाइप करताना बोटं जरा जोरात पडायची.
त्याच्यापुढचं वकील बघायचे,
मी साडेपाचला डबा धुऊन निघायचे.

उल्हासनगरचे रूपचंदानी एकदा स्वतः आले.
शर्टाच्या खिशात तेच पत्र, चार घड्या.
दोन तास बाकावर. तीनदा पाणी.
मग म्हणाले, मॅडम, पैसे देईन, पळणार नाही,
पण तो शेवटचा शब्द तेवढा काढता येईल का?
मला मराठी वाचता येत नाही, मुलगी वाचून दाखवते.
त्या शब्दाशी ती थांबली
आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, नमुना ठरलेला असतो.

पुढे कंपनी मोरबीला गेली.
टेबलं गेली, नमुने गेले, मी राहिले.
कर्ज आईच्या गुडघ्यांचं.
गुडघे छान चालतात आता, मंडईपर्यंत जाऊन येते.
हप्ते लंगडतात.

काल एक जण घरीच आला. कन्नमवार नगर, तिसरा मजला.
नाव वैजनाथ. गळ्यातलं ओळखपत्र उलटं.
पॅसेजमध्ये उभं राहून मोठ्याने बोलायचं
हे त्यांना शिकवलेलं असतं.
कर्केरा काकूंचं दार साखळीइतकं उघडलं.
मी म्हटलं, अजून मोठ्याने बोल,
काकूंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
तो गोंधळला. विशीचा असेल. आवाज खाली आला.
पाणी दिलं, प्यायला.
मग फोन माझ्यापुढे धरला, काय टाकू, मॅडम?
भरणार. नकार. पत्ता सोडला. घर बंद. मयत.
"नोकरी शोधतेय" असं नाही का कुठे?
त्याने खालीवर करून बघितलं. खरंच बघितलं.
आणि बोट 'घर बंद'वर ठेवलं.
चार दिवस मिळतील, म्हणाला, जिन्याकडे बघत.

मी उघड्या दारात उभी.
मागे आई, कुकरची तिसरी शिट्टी,
आणि कुठल्याशा यादीत
आमचं घर बंद.

रात्री बँकेला पत्र लिहायला बसले.
महिना दोन हजार देऊ शकते, सप्टेंबरपासून,
कृपया विचार व्हावा.
दोन परिच्छेद सरळ आले.
तिसऱ्याच्या तोंडाशी हात सवयीने
अन्यथा
लिहून मोकळा झाला
आणि त्याच्यापुढे ती उभी रेघ
लुकलुकत राहिली.

अन्यथा काय, साहेब?
अन्यथा मी उद्या आठ वाजून एक मिनिटाने
फोन उचलीन.

खोडला.

रूपचंदानींचा नंबर अजून आहे माझ्याकडे.
'रूपचंदानी थकबाकी' अशा नावाने ठेवलेला.
लावला नाही. बोलणार काय.
थकबाकी तेवढं पुसलं.