सटवीचा लेख

कौनासच्या बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या गिंतारासनं
जुन्या बाजारातून मदरबोर्ड घेतला,
चाळीस युरो, वर धूळ फुकट.

त्या संध्याकाळी खेळाचं दार उघडेना.

नऊ वर्षांचं गिऱ्हाईक तो.
दर महिन्याला पैसे, न चुकता,
बायको गेली त्या महिन्यातसुद्धा.
पण त्यांनी वाचला बोर्डावरचा आकडा,
सटवीनं कपाळावर लिहावा तसा
कारखान्यात कुणीतरी कोरलेला;
आणि त्या आकड्यानं म्हणे
मागल्या जन्मी, कुणा भलत्याच्याच हाताखाली,
भिंतीपलीकडचं पाहिलं होतं.

त्यानं पावत्या पाठवल्या. एकशे आठ.
उत्तर आलं:
‘प्रिय खेळाडू, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.
निर्णय अंतिम आहे.’

एक तारखेला खात्यातून पैसे गेले.
कार्ड तेवढं त्यांना ओळखू आलं.

पहाटे भट्टीतून राईचे पाव काढताना
तो एकेकाचा तळ बोटानं ठोकत होता.
पोकळ वाजला की आतून भाजला,
एवढं त्याला कळतं.

घरी येऊन त्यानं संगणकाची कड काढली
आणि पिठानं माखलेला अंगठा
त्या आकड्यावर टेकवला,
बराच वेळ.