मोजदाद

चप्पल झटकली तर
एरंडवण्याच्या गॅलरीत चिमूटभर वाळू पडली.
पांढरी. इथली नव्हे.
केरसुणी हातात घेतली
आणि परत कोपऱ्यात ठेवून दिली.

अंदमानात रात्री दोनला
सॉ लेथानं आम्हाला ओळीनं बसवलं होतं, मोबाइल बंद.
नणंदेला खोकला आला, तिनं पदर तोंडात धरला.
बॅटरीच्या लाल उजेडात ती वर आली,
समुद्रानं एखादं जुनं घंगाळ
ओढत ओढत बाहेर काढावं तशी.
मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणत राहिली
इतकी सावकाश, की मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं,
रास्ता पेठेतलं,
समोरच्या भिंतीवरच्या घड्याळासकट.

डोळ्यांतून तिच्या पाणी गळत होतं.
"रडत नाहीये, अंगातलं मीठ टाकतेय," लेथा म्हणाला.
मला दोन्ही खरं वाटलं.

तो अंडी मोजत होता, ओठांतल्या ओठांत,
आम्ही कॅशला नोटा मोजायचो तशी.
एकशे चार.
घामानं फुगलेल्या वहीत लिहिलं.
हजारातलं एखादंच जगतं म्हणाला.
मग मोजता कशाला?
तो हसला नाही.
"मोजलं नाही, दीदी, तर संपलेलंसुद्धा कळणार नाही."
आणि सहजच विचारलं,
तुमच्या गावात नदी आहे ना?
काय काय असतं तिच्यात?

बत्तीस वर्षं मी मुठा ओलांडून बँकेत गेले.
म्हटलं, पूल असतात.

सासरे लकडी पुलाखाली गळ टाकून बसायचे.
वाम मिळाली की आमच्याकडे मसाला वाटला जायचा
आणि शेजारच्या खिडक्या धडाधड लागायच्या.
शेवटची वाम कधी आणली,
कोणालाच आठवत नाही.
शेवटची आहे असं ती काही सांगून आली नव्हती.

आज पहाटे नदीपात्रात उतरले.
नातवाची जुनी वही, मागची कोरी पानं.
काठाला निर्माल्याच्या पिशव्या, एक गादी,
पाणी उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं.
तासाभरात लिहिलं:
खंड्या, एक.
पाणकावळे दोन. किंवा एकच, दोनदा.
वाम,
आणि त्यापुढे पेन नुसतंच धरून बसले.

टेम्पो धुणाऱ्या पोरानं विचारलं,
"काय हरवलं का, काकू?"
"तेच बघतेय," म्हटलं.
तो पुन्हा टायर घासायला लागला.
वास येत होता. मी बसून राहिले.